चार इंच जास्त

तपासनीस रोज सकाळी सात वाजता शर्टाला इस्त्री करायचे आणि कुठेच जायचे नाहीत.

कुठेच म्हणजे अगदीच कुठे नाही असं नव्हे. भाजी आणायला जायचे, महिन्यातून एकदा केस कापायला जायचे. पण कोबी घ्यायला कडक कॉलर लागत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना कळत नव्हतं असंही नाही. तेहतीस वर्षं ज्या माणसाने कडक शर्ट घालून कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं, त्याला चुरगळलेला शर्ट घालून दिवस सुरूच करता येईना. जित्याची खोड, दुसरं काय!

त्या कारखान्यात लोखंडी खाटा, दवाखान्यातली स्टुलं, घडीच्या खुर्च्या असला माल व्हायचा, आणि बाहेर जायच्या आधी तो यांच्या हाताखालून जायचा. खिशात लाल खडू. दोष दिसला की तिथे फुली. दोष नाही दिसला तर काहीच नाही, माल आपला पुढे सरकायचा. चांगल्या मालावर काही लिहायची पद्धतच नव्हती तिथे, आणि तीच पद्धत तपासनिसांनी घरी आणली. भाजीत मीठ जास्त पडलं तर बोलायचे, बरोबर पडलं तर मुकाट्याने जेवून हात धुवायचे. बायको होती तोवर ती दुभाष्याचं काम करायची. मुलीला सांगायची, "बाबा काही बोलले नाहीत ना? मग समज, आवडलं." सहा वर्षांपूर्वी बायको गेली आणि यांच्या गप्प बसण्याचा अर्थ सांगणारं घरात कोणी उरलं नाही.

मुलगी पाच तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तिला बढती मिळाली. तिने मोठ्या हौसेने बढतीच्या पत्राचा फोटो बाबांना पाठवला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला आणि उत्तर लिहिलं, "दुसऱ्या ओळीत तारीख चुकली आहे. दुरुस्त करून घे." तारीख खरंच चुकली होती हो! पण असल्या वेळी तारीख बघतो का माणूस? त्यानंतर मुलगी घरी आली नाही. आठवड्याचा फोन महिन्यावर गेला आणि गेले आठ महिने तर तोही नाही. तपासनिसांनीही आपण होऊन केला नाही. करून बोलायचं काय? सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि विचारायचं कसं ते त्यांना येत नव्हतं.

तर असा हा माणूस, आणि त्याची कंबर. उंची सहा फूट दोन इंच आणि इस्त्री जेवणाच्या टेबलावर, चादरीची घडी टाकून. एके दिवशी सकाळी वाकले ते सरळच होईनात. एका हातात गरम इस्त्री, दुसरा हात कमरेवर, अशा अवस्थेत किती तरी वेळ उभे. हाक मारावी तर घरात ऐकणारं कोण? शेवटी इस्त्री कशीबशी बाजूला ठेवली, भिंत धरत धरत जिना उतरले आणि खालच्या नर्सबाईंचं दार वाजवलं.

नर्सबाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, जीभ मात्र अजून ड्यूटीवर होती. त्यांनी यांना पालथं झोपवलं, पाठ शेकली, गोळी दिली आणि वर फुकटात चार शब्द सुनावले.

"साहेब, कुणाला दाखवायला घालता हे शर्ट?"

"कुणाला नाही."

"मग एक दिवस चुरगळलेला घालून बघा. आभाळ नाही कोसळायचं."

"इस्त्रीचं टेबल आणतो," तपासनीस उशीत तोंड खुपसून म्हणाले. "चांगलं, भक्कम. उभ्याने इस्त्री करता येईल असं."

"आणा बाई एकदाचं," नर्सबाई म्हणाल्या.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. नर्सबाईंचं आणि मुलीचं फोनवर बोलणं व्हायचं, आणि ते तपासनिसांना ठाऊक होतं. "विचारत होती हो तुमची पोरगी, तब्येत कशी आहे म्हणून," असं नर्सबाई अधूनमधून जिन्यात सांगायच्या. तपासनीस "हं" म्हणायचे आणि वर जायचे. वर जाऊन मग खुर्चीत बसून राहायचे. तेवढं एक वाक्य त्यांना चार चार दिवस पुरायचं.

तर इस्त्रीचं टेबल. आता टेबल घ्यायचं म्हणजे काय मोठं? दुकानात जा, बोट दाखवा, घेऊन या. पण यांनी अख्खा बाजार पालथा घातला. पहिल्या दुकानात त्यांनी दोन्ही तळवे टेकून टेबलावर भार टाकला, तर ते कुरकुरलं.

"पत्रा पातळ आहे," तपासनीस म्हणाले.

"साहेब, यावर कपडे ठेवायचेत, हत्ती नाही बसवायचा," दुकानदार म्हणाला.

दुसऱ्या दुकानातलं टेबल दिसायला झकास होतं. यांनी वरचं कापड उचलून खाली डोकावून पाहिलं, तर भुसा दाबून केलेली फळी! वाफेची इस्त्री चार महिने फिरली की फुगून बसणार. "नाव मोठं, लक्षण खोटं," असं दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटून ते बाहेर पडले. तिसऱ्या दुकानात टेबल डुगडुगत होतं. तिथली विक्रेती म्हणाली, "काका, टेबल बरोबर आहे, जमीनच वाकडी आहे." मग काय विचारता! तपासनिसांनी ते टेबल स्वतः उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवलं, मग तिसऱ्या, मग दाराबाहेरच्या पायरीवर. चारही ठिकाणी डुगडुगलं. तिने कोपरापासून हात जोडले.

आणि खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत तपासनीस खुशीत होते. भांडत का होईना, लोक त्यांच्याशी बोलत होते. "या साहेब, आज काय मोडायला आलात?" असं एका दुकानदाराने हसून म्हटलं, तर हे दिवसभर त्यावर मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसले. संध्याकाळी घरी आल्यावर कुठल्या दुकानात कुठला दोष ते वहीत नीट लिहायचे. लिहून झालं की वही मिटायची. मग घरात काहीच करायचं नसायचं आणि घड्याळात साडेसहाच वाजलेले असायचे. तो वेळ त्यांच्या अंगावर यायचा. मान्य केलं नसतं त्यांनी, पण यायचा.

शेवटी चौकातला भांडीवाला वैतागला. म्हणाला, "साहेब, तुम्ही दमाल तेव्हा दमाल, मी आत्ताच दमलोय. पत्ता लिहून द्या. नवा माल आला की एक टेबल घरी पाठवतो. निवांत तपासा. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर परत पाठवा." तपासनिसांना ही पद्धत फार पसंत पडली. सुवाच्य अक्षरात पत्ता लिहून दिला.

नवव्या दिवशी दारात टेम्पोवाला उभा. खांद्यावर खाकी कागदात गुंडाळलेलं लांबलचक टेबल.

"कुणाकडून?"

"मला पत्ता दिला, मी आणलं. सही करा."

कुणाकडून ते विचारायची तशी गरजच नव्हती. शब्दाला जागला भांडीवाला, असं म्हणत तपासनिसांनी सही केली, दार लावलं, बाह्या दुमडल्या आणि कपाटातून मोजपट्टी, काटकोन बघायचा गुण्या आणि लाल खडू काढला. निवृत्तीनंतर सहा वर्षांत त्या खडूला हात लागला नव्हता. टेबल त्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध उभं केलं आणि त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. पाइप जाडजूड होता. फळी अस्सल लाकडाची होती. कापड चांगलं घट्ट होतं. चांगल्यावर काही लिहायचं नव्हतं, म्हणून ते सगळं बाजूला राहिलं. मग गुडघे टेकून, आडवं होऊन, टॉर्च लावून सगळं पाहिलं आणि कागद घेतला.

"१. उंची अडतीस इंच. प्रमाणापेक्षा चार इंच जास्त." इस्त्रीच्या टेबलाचं प्रमाण चौतीस, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. "२. मागील डावा पाय एक सूत आखूड, त्यामुळे टेबल डुगडुगते." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढंही यांच्या नजरेतून सुटायचं नाही. मग वेल्डिंगचा सांधा ओबडधोबड, एक रिबिट तिरपी, कापडाची शिवण वाकडी, रबरी टोप्या कमीजास्त जाडीच्या आणि शेवटी सातवा दोष, फळीखाली रंगाचा ओघळ. सातही जागी फुल्या मारल्या. कागद सुतळीने पायाला बांधला. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला फोन करून माल परत पाठवला.

एक गोष्ट मात्र केली नाही. त्या टेबलापाशी उभं राहून इस्त्री फिरवून पाहिली नाही. ते सुचलंच नाही हो माणसाला! तेहतीस वर्षांत त्यांनी हजारो खुर्च्या तपासल्या, पण बसून बघणं हे काम त्यांचं नव्हतं.

आठवडा गेला. सकाळी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना नर्सबाई भेटल्या.

"काय साहेब, आता उभ्याने इस्त्री ना? कंबर काय म्हणते?"

"अजून जेवणाच्या टेबलावरच करतो."

"आणि पोरीने पाठवलेलं टेबल काय माळ्यावर टाकलंत?"

"कुठलं टेबल?"

"अहो, मागच्या आठवड्यात आलं ना टेम्पोतून! मीच सांगितलं होतं तिला, बाबा दुकानं पालथी घालतायत आणि एकही पसंत पडत नाही म्हणून. तिने खास करून घेतलं. मला बजावलं होतं, नाव सांगू नका, माझं नाव कळलं तर दुप्पट तपासतील. पण आता आठवडा झाला, म्हटलं सांगायला काय हरकत." मग नर्सबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "साहेब? काय केलंत तुम्ही?"

"परत पाठवलं," तपासनीस म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नर्सबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तपासनिसांनी कठडा घट्ट धरला. पिशवीतला एक टोमॅटो टप टप करत पाच-सहा पायऱ्या खाली गेला. तो उचलायलाही ते थांबले नाहीत. आठ महिन्यांनी पोरीने आपण होऊन काही केलं होतं, आणि यांनी त्याला सात फुल्या मारून ते दाराबाहेर काढलं होतं. एक नाही, दोन नाही, सात!

टेम्पोवाल्याला फोन करून त्यांनी पत्ता मिळवला. पुलापलीकडे एक वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. चालत वीस मिनिटं. हे बारा मिनिटांत पोचले.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड. आत पाइपांची चळत, कोपऱ्यात ग्राइंडर आणि सगळीकडे जळक्या लोखंडाचा वास. कारखान्याचा वास. मधोमध ते टेबल उभं होतं, ताज्या रंगात चमकत. वेल्डरने तोंडावरचा पडदा वर केला. चाळिशीचा माणूस, भुवया करपलेल्या.

"ते टेबल," तपासनीस म्हणाले. "मी परत पाठवलं होतं."

"म्हणजे तुम्हीच ते साहेब?" वेल्डरने हातमोजे काढून चक्क हात पुढे केला. "या, या! तुमचीच वाट बघत होतो. उद्या पाठवणारच होतो घरी. बघा, सातही काढले. गिऱ्हाईक नुसतं 'हलतंय' म्हणतं आणि शिव्या घालून जातं. कुठे हलतंय, का हलतंय, किती हलतंय, हे आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं. तो बघा, तुमचा कागद भिंतीला लावलाय."

भिंतीवर खरंच तो कागद होता, चार कोपऱ्यांना खिळे ठोकून. तपासनिसांनी तळवे टेकून भार टाकला. टेबल तसूभर हललं नाही. सांधा गुळगुळीत, रिबिट सरळ. मग त्यांची नजर पायांकडे गेली आणि मोजपट्टी लावायच्या आधीच त्यांना आकडा कळला.

"उंची कमी केलीत?"

"चौतीस. तुम्ही लिहिलंत तसं. ते मात्र जिवावर आलं बघा."

"का?"

"अहो, ती उंची चुकून नव्हती झाली! मुद्दाम करून घेतली होती. तुमच्या मुलीने." वेल्डर स्टुलाकडे बोट दाखवत म्हणाला, "सकाळच्या गाडीने आल्या होत्या. तीन वाजेपर्यंत इथेच होत्या. मी फळी धरायची आणि त्यांनी शेजारी उभं राहून इस्त्री केल्यासारखा हात फिरवायचा. म्हणाल्या, बाबांचं कोपर माझ्या खांद्याच्या चार बोटं खाली येतं, तिथून एक वीत खाली फळी पाहिजे, म्हणजे त्यांना वाकावं लागणार नाही. दोनदा पाय खोलायला लावले मला. इंचभरसुद्धा कमी चालणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुमचे बाबा कारखान्यात होते का हो, तुम्ही अगदी त्यांच्यासारखं तपासताय. तर हसल्या."

तपासनिसांनी सगळं ऐकलं, पण त्यांचं मन मागेच अडकलं होतं.

"ती इथे आली होती? या गावात?"

"हो तर. मी विचारलं, घर कुठे? म्हणाल्या, पुलापलीकडेच."

"मग?"

"मग चारच्या गाडीने परत गेल्या," वेल्डर म्हणाला, आणि आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं. तो उगाच हातमोजे झटकू लागला.

तपासनीस स्टुलावर बसले. पोरगी पाच तास प्रवास करून आली होती, या स्टुलावर बसली होती, आणि आपण वीस मिनिटांवर घरात बसून दुकानदारांचे दोष वहीत लिहीत होतो. फार लागलं त्यांना ते.  एवढं त्यांना बायको गेल्यानंतर कधी लागलं नव्हतं.

"पाय कापण्याआधी तिला विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"विचारलं ना. ऑर्डर त्यांची. फोनवर कागद वाचून दाखवला. पहिला नंबर ऐकल्यावर म्हणाल्या, पुन्हा वाचा. पुन्हा वाचला. मग बाकीचे सहाही ऐकून घेतले, मधे एक शब्द नाही. शेवटी म्हणाल्या, बाबा म्हणतात तसं करा."

तपासनीस उठले.

"नवे पाय लावता येतील? अडतीसचे?"

"येतील की. पाइप मागवावा लागेल, आठेक दिवस. पण साहेब, राग मानू नका, त्या सांगतील तर. ऑर्डर त्यांची आहे."

तोपर्यंत हेच वापरा म्हणून वेल्डरने टेबल टेम्पोत घालून दिलं. संध्याकाळी तपासनिसांनी ते खिडकीजवळ उभं केलं, शर्ट पसरला आणि पहिल्यांदा त्यावर इस्त्री फिरवली. टेबल दगडासारखं स्थिर. एक दोष काढून दाखवा म्हटलं तरी सापडला नसता. आणि अर्धी बाही होईतो त्यांची कंबर ठणकू लागली. चार इंच म्हणजे केवढे असतात ते त्यांना मोजपट्टीशिवाय कळलं.

इस्त्री बंद केली. फोन हातात घेतला. खाली ठेवला. पाणी प्याले. पुन्हा घेतला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्यावं असं एकदा वाटलं, पण कागदाचा आता त्यांनी धसका घेतला होता. नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला.

"हॅलो," मुलगी म्हणाली.

"मी बोलतोय."

"कळलं." मग म्हणाली, "आलं का टेबल, दुरुस्त होऊन?"

"आलं."

"आता ठीक आहे?"

"नाही."

तिकडून एक सुस्कारा ऐकू आला. "आता काय राहिलं, बाबा?"

"बुटकं आहे. मला बुटकं पडतं. तुझं माप बरोबर होतं."

 फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी कानावरून काढून पाहिला. चालू होता.

"मी प्रमाण बघितलं," तपासनीस म्हणाले. "त्याच्यापाशी उभं राहून बघितलंच नाही. माझी चूक झाली. तू केलेलं मी... मला ते तू केलंय हे माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मी तेच लिहिलं असतं बहुतेक. ते जास्त वाईट आहे."

"हं," मुलगी म्हणाली. थेट यांच्यासारखं.

"तू इथे येऊन गेलीस म्हणे. घरी का नाही आलीस?"

"आले होते पुलापर्यंत. तिथून आपली खिडकी दिसते. खिडकीत तुमचा शर्ट टांगलेला होता."

"मग?"

"मग भीती वाटली."

"कसली?"

"दार उघडल्यावर तुम्ही पहिलं काय बोलाल, त्याची."

तपासनिसांना वाटलं, हे कसलं बोलणं? मी काय खाणार होतो का पोरीला? तसं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रामाणिक माणूस होता हो, कितीही वाकडा असला तरी. त्यांनी खरंच विचार करून पाहिला. दोन वर्षांनी मुलगी दारात उभी आहे. पहिलं वाक्य काय आलं असतं तोंडातून? 'कळवलं का नाहीस' हे आलं असतं. 'किती वाळलीस' हे आलं असतं. 'चपला तिथे नको, आत ठेव' हे तर नक्कीच आलं असतं. चौथं वाक्य त्यांनी खूप शोधलं. त्यांच्याकडे नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

तिकडे तिने नाक ओढलं. रडत होती की सर्दी होती, कोण जाणे. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

"मग मी काय म्हणू?" त्यांनी विचारलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, आवाज मात्र वर्गात उभ्या केलेल्या मुलाचा. "दार उघडल्यावर काय म्हणायचं असतं?"



"'ये' म्हणा," मुलगी म्हणाली. "नुसतं 'ये'. पुढे काही नको."

"ये," तपासनीस लगेच म्हणाले.

"आत्ता नाही हो, बाबा!" तिला हसू आलं असावं, किंवा नसेलही. "आल्यावर."

"कधी येशील?"

"बघू." मग जरा थांबून, "नवे पाय लावायला सांगते त्याला. तोवर बसून इस्त्री करा. ठेवते."

फोन बंद झाला. बाहेर अजून उजेड होता, घड्याळात साडेसहाच वाजले होते. अर्धी बाही इस्त्री झालेला शर्ट टेबलावर तसाच पडला होता. तपासनीस दारापाशी गेले, कडी काढली आणि दार पूर्ण उघडून उंबऱ्याशी उभे राहिले. समोर रिकामा जिना.

"ये," ते म्हणाले. हुकूम सोडल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा म्हणाले तर प्रश्न विचारल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा चांगला आला, अगदी हवा तसा, पण ऐकायला कोणी नव्हतं.